मुर्धा : सर्वांच्या रानाची राखण

भाईंदर पश्चिमेला रेल्वे स्थानकाबाहेर पडणाऱ्या गर्दीत यात्रेकरूंची संख्या लक्षणीय असते. बावन जिनालयाचे दर्शन घ्यावे, नातलगांकडे घटकाभर बसावे आणि संध्याकाळच्या लोकलने परतावे, असा त्यांचा क्रम ठरलेला असतो. उत्तनकडे जाणाऱ्या बसमध्ये बसणारे त्यामानाने थोडे, आणि त्यांतील बहुतेकांची ओढ समुद्रकिनाऱ्याकडे. या रस्त्यावर शहराच्या उंच इमारती मागे पडल्यावर लागणारे पहिले गाव म्हणजे मुर्धा. बस येथे क्षणभर थांबते, दोन-चार माणसे उतरतात आणि ती पुढे राई, मोर्वा, डोंगरीच्या दिशेने निघून जाते. खिडकीतून पाहणाऱ्या प्रवाशाला काही अंतरावर एक बुटका, दाट, काळपट हिरवा पट्टा सोबत करीत असतो. चिखलात माजलेले हे झुडपी रान म्हणजे कोणाची तरी पडीक जमीन असावी, असा त्याचा समज होतो.

प्रत्यक्षात ते कांदळवन आहे. म्हणजे समुद्राच्या भरती-ओहोटीवर जगणारे जंगल. कायद्याने ते वन आहे आणि म्हणून ते सर्वांचे आहे. मात्र जे सर्वांचे असते, त्याची रोजची राखण नेमकी कोणी करायची, हा प्रश्न मुर्ध्याच्या रस्त्यावर जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

दोन खाड्यांमधले गाव

मुर्ध्याची ओळख पाण्यापासून करून घ्यावी लागते. उत्तरेला उल्हास नदीचे पाणी समुद्राला पोहोचवणारी वसईची खाडी, दक्षिणेच्या बाजूला गोराई-मनोरीची खाडी, पश्चिमेला डोंगरी-उत्तनची टेकडी आणि तिच्यापलीकडे अरबी समुद्र. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजांनी वसईचा किल्ला जिंकला. त्याआधी त्यांना याच बाजूचा धारावीचा किल्ला घ्यावा लागला होता, कारण तेथून खाडीच्या तोंडावर नजर ठेवता येत असे. या भागाचे महत्त्व पूर्वीपासूनच पाण्याच्या वाटांमुळे आहे.

मुर्धा, राई आणि मोर्वा ही परंपरेने आगरी समाजाची गावे. आगर म्हणजे मीठ पिकवण्याची जागा, आणि समाजाचे नाव या आगराशी जोडले जाते. पावसाळा सरला की मिठागरांची बांधबंदिस्ती सुरू होई. उधाणाच्या भरतीचे पाणी उघाडीतून आत घेतले जाई, मोठ्या तळ्यात साठवले जाई आणि मग एकाहून एक उथळ वाफ्यांतून पुढे सरकवले जाई. ऊन आणि वारा यांच्या बळावर पाणी आटत जाई व शेवटच्या वाफ्यात मिठाचे स्फटिक दिसू लागत. पुढच्या पावसापर्यंत हेच काम. वरच्या अंगाच्या जमिनीत पावसाळ्यात भात आणि त्यानंतर भाजीपाला. मीठ, भात, भाजी आणि खाडीतील मासळी अशा चार आधारांवर गावाचे वर्ष उभे असे.

पुढे हे चित्र पालटले. १९८५ मध्ये मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली. शहर वाढले, मजुरी वाढली, मिठाच्या धंद्यात पूर्वीसारखे काही उरले नाही आणि अनेक वाफे ओस पडले. बांध फुटले तेथे भरतीचे पाणी आपल्या जुन्या वाटेने परत आले. त्या पाण्याबरोबर तिवराच्या बिया आल्या आणि जेथे मीठ पिकत होते तेथे रान उभे राहिले.

खाऱ्या पाण्यातली झाडे

हे रान पाहायचे तर ओहोटीची वेळ साधावी. पाणी उतरले की चिखलातून वर आलेली हजारो बोटाएवढी टोके दिसू लागतात. पाहणाऱ्याला ती एखाद्या पिकाच्या कापणीनंतर राहिलेल्या खुंटांसारखी वाटतात. ती तिवराची श्वसनमुळे होत. खाडीच्या घट्ट चिखलात हवा जवळजवळ नसते. म्हणून हे झाड आपली मुळे खालून वर पाठवते आणि ओहोटीच्या काही तासांत हवा घेते. तिवराच्या पानाला बोट लावून जिभेवर टेकवले तर ते खारट लागते, कारण शोषलेले जास्तीचे मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. कांदळाची तऱ्हा निराळी. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते, लांब शेंगेसारखे वाढते आणि मग खाली सुटते. चिखलात रुतले तर तेथेच उभे राहते; नाही तर पाण्यावर तरंगत दुसरी जागा शोधते.

तिवर, कांदळ, चिप्पी, काजळा, मारांडी अशी या कुटुंबातील झाडाझुडपांची नावे कोकणपट्टीत परिचित आहेत. मुंबईच्या आसपास तिवराचे प्राबल्य अधिक. २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्रात सुमारे ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन आहे. सबंध देशात ते सुमारे ४,९९२ चौरस किलोमीटर भरते. देशाच्या एकूण विस्ताराच्या मानाने हा आकडा फार लहान आहे.

या लहानशा पट्ट्याच्या आश्रयाने जगणारे जीव मात्र असंख्य. झडलेली पाने चिखलात कुजतात, त्यांवर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांवर खेकडे व कोळंबीची पिल्ले, त्यांवर मासे, आणि मग बगळे, खंड्या, पाणकावळे. चिखलावर उड्या मारणारी निवटी पाण्यात आणि पाण्याबाहेरही तितक्याच सहजतेने वावरते. हिवाळ्यात ओस मिठागरांच्या उथळ पाण्यात लांब तांबड्या पायांचे शेकाटे उभे असतात. मुंबई परिसरातील कांदळवनांत सोनेरी कोल्हाही राहतो, हे अनेक मुंबईकरांना ठाऊक नसते. मानवी वस्तीच्या दृष्टीने पाहिले तर हे रान लाटांचा जोर मोडते, किनाऱ्याची माती धरून ठेवते आणि पुराच्या पाण्याला पसरण्यास जागा देते.

कागदावरचे वन

२००५ हे वर्ष मुंबई परिसराला २६ जुलैच्या महापुरामुळे आठवते. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेत महत्त्वाचा आदेश दिला. राज्यभर कांदळवनांची तोड थांबवावी, कांदळवनापासून पन्नास मीटरच्या आत कोणतेही बांधकाम होऊ देऊ नये, त्यांच्यावर राडारोडा टाकू देऊ नये आणि शासकीय जमिनीवरील कांदळवने संरक्षित वन म्हणून घोषित करावीत, असे त्याचे सार होते. जमिनीची मालकी कोणाची, हा प्रश्न या बंदीच्या आड येत नव्हता. १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निकाल आला. कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर आघात आहे, असे न्यायालयाने त्यात मानले. एखाद्या सार्वजनिक कामासाठी तोड अपरिहार्य असेल तर त्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. दरम्यान २०१२ मध्ये राज्याच्या वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला आणि २०१५ मध्ये त्याच्या जोडीला कांदळवन प्रतिष्ठान आले.

या तरतुदींचे मोल कमी लेखता येणार नाही. त्यांच्यामुळेच मुर्ध्याच्या रस्त्यावरून आज हिरवा पट्टा दिसतो. परंतु बँकेच्या व्यवहाराशी परिचित असलेल्या कोणालाही एक गोष्ट ठाऊक असते. मालमत्तेचे दस्तऐवज तिजोरीत सुरक्षित असले म्हणून मालमत्ता सुरक्षित राहतेच असे नाही. गहाण ठेवलेल्या कारखान्याचे कागद चोख असतात आणि आत यंत्रे गंजत असतात. म्हणूनच कर्ज देणारी बँक ठरावीक काळाने प्रत्यक्ष पाहणी करते, विम्याचा हप्ता भरला का ते विचारते, घसारा मोजते. सार्वजनिक वनाची मालकी सरकारची, रक्षणाचा आदेश न्यायालयाचा. प्रत्यक्ष पाहणीचा आणि दुरुस्तीचा रकाना मात्र बहुतेक वेळा रिकामा राहतो.

कुऱ्हाडीशिवाय होणारा मृत्यू

कांदळवनाच्या बाबतीत हा रकाना रिकामा ठेवणे विशेष महाग पडते. डोंगरावरचे झाड तोडण्यास कुऱ्हाड लागते. कांदळवन मारण्यास ती लागत नाही. पाण्याची वाट अडवली की पुरे. एखादा रस्ता, एखादा भराव, नाल्याच्या तोंडाशी साचलेला कचरा किंवा रात्री येऊन पडलेले राडारोड्याचे चार डंपर, यांपैकी काहीही त्यास पुरेसे ठरते. भरतीचे पाणी आत येणे थांबले तर जमिनीतील ओलावा उडतो, मीठ वर येऊन साठते आणि झाडे वाळतात. उलट आत आलेले किंवा गटाराचे पाणी बाहेर जाणे थांबले तर श्वसनमुळे दिवसेंदिवस बुडून राहतात आणि झाडे गुदमरतात. दोन्ही प्रकारांत एकही फांदी तोडली जात नाही. काही महिन्यांनी तेथून जाणारा माणस वाळलेले रान पाहतो. तक्रार नोंदवायची तर कोणाविरुद्ध, हे त्याला कळत नाही.

त्यामुळे कांदळवनाची निगा म्हणजे मुख्यतः पाण्याच्या वाटांची निगा. पावसाळ्यानंतर लहान नाळी मोकळ्या आहेत की नाहीत ते पाहणे, रस्त्याखालच्या मोऱ्या तुंबू न देणे, भराव दिसताच तो पसरण्यापूर्वी काढायला लावणे, अशी ही साधी कामे आहेत. ओस पडलेल्या जागेत पाण्याची ये-जा पूर्ववत झाली तर अनेकदा रोपे लावण्याचीही गरज पडत नाही. भरती बिया आणते आणि रान आपणहून उभे राहते. याउलट पाण्याचा विचार न करता केलेली लागवड मरते. मोकळा चिखलपट्टा दिसला म्हणून तेथे रोपे खोचणेही नेहमी हिताचे नसते, कारण तो चिखलपट्टा हीच पाणपक्ष्यांची अन्नाची जागा असते. एका ठिकाणचे कांदळवन तोडून दूरच्या जमिनीवर भरपाईची झाडे लावली तर आकड्यांचा मेळ बसतो, पण मुर्ध्याच्या पुराला त्या झाडांचा उपयोग होत नाही.

शिलोत्रीची आठवण

अशी रोजची निगा राखणे अशक्य नाही, याचा पुरावा उत्तर कोकणाच्या जुन्या महसुली व्यवस्थेत सापडतो. समुद्रालगतची खाजण जमीन बांध घालून लागवडीखाली आणण्याची पद्धत येथे फार जुनी आहे. या जमिनींना शिलोत्री म्हणत. अशा जमिनीचे अस्तित्वच मुळी बांधावर अवलंबून. बांध फुटला तर एका उधाणात शेत खारे होई आणि पुढची काही वर्षे तेथे भात पिकत नसे. म्हणून बाहेरच्या मोठ्या बांधाची जबाबदारी कोणाची, हे ठरलेले असे; आणि त्या बांधाच्या दुरुस्तीसाठी शेतसाऱ्याखेरीज बिघ्यामागे धान्याचा ठरावीक वाटा घेतला जाई. गोव्यातील खाजन शेतीतही बांध व मानस, म्हणजे पाण्याची दारे, सांभाळण्याची जबाबदारी गावाने वाटून घेतलेली होती.

हिशोबाच्या भाषेत सांगायचे तर हा दुरुस्तीचा राखीव निधी होता. त्याचे तीन गुण लक्षात घेण्यासारखे आहेत. जबाबदार व्यक्ती निश्चित होती. खर्चाची सोय आधीच केलेली होती. आणि बांधाच्या रक्षणात ज्यांचे हित, तेच बांधाजवळ राहत होते. मध्यरात्री बांधाला भगदाड पडले तर त्याची बातमी कार्यालयात पोहोचण्याची वाट पाहावी लागत नसे.

१९४८ मध्ये मुंबई राज्यात खार जमिनींसाठी कायदा झाला आणि १९७९ मध्ये महाराष्ट्राने नवा खारभूमी विकास कायदा केला. मोठ्या बांधांची कामे शासनाकडे आली. लहान शेतकऱ्याला न पेलणारा खर्च शासनाने उचलला, हा त्यातील लाभ. पण त्याबरोबर बांधाकडे रोज पाहणारी नजरही हळूहळू दूर गेली. आज कोकणपट्टीत अनेक ठिकाणी न दुरुस्त झालेल्या बांधांतून पाणी शिरून भातशेतीवर कांदळ उगवले आहेत.

येथे गावकऱ्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. ज्याच्या आजोबांनी भात काढला, त्याच्या शेतावर बांध फुटल्यामुळे रान आले. आता ते वन ठरते. तेथे शेती करता येत नाही, सभोवतालच्या पन्नास मीटरमध्ये घर वाढवता येत नाही. लाभ साऱ्या शहराला, भार एका कुटुंबाला. असा माणूस कांदळवनाकडे शत्रू म्हणून पाहू लागला तर केवळ त्याला दोष देऊन चालणार नाही. २०१७ मध्ये शासनाने कांदळवन संरक्षण आणि उपजीविका यांची सांगड घालणारी योजना आणली. खेकडापालन, कालवपालन, निसर्ग पर्यटन अशा कामांतून किनाऱ्यावरच्या कुटुंबांना उत्पन्न मिळावे, हा तिचा हेतू. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. ज्यांची रोजची कमाई त्या झाडांवर अवलंबून, त्यांना झाडे वाळू लागल्याचे सर्वांच्या आधी कळते.

बोलणारा कोण?

दहिसर ते मीरा-भाईंदर या मेट्रो मार्गाची कारशेड आधी राई-मुर्धा-मोर्वा परिसरात योजली होती. शेते आणि घरे जातील म्हणून ग्रामस्थांनी विरोध केला, आणि पुढे कारशेडची जागा डोंगरीच्या बाजूला हलवली गेली. तेथील टेकडीवरची हजारो झाडे तोडण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा नागरिकांनी हरकती घेतल्या. मेट्रोची गरज नाकारता येणार नाही. रोज लोकलच्या गर्दीत उभे राहणाऱ्यांना तिचे मोल विचारावे. तरीही या घटनाक्रमातून एक धडा मिळतो. सातबारावर नाव असलेल्या जमिनीसाठी बोलणारा माणूस पहिल्या दिवसापासून हजर असतो. सार्वजनिक रानाच्या वतीने बोलणारे गोळा व्हायला वेळ लागतो, आणि तोवर आराखडे पुष्कळ पुढे गेलेले असतात.

रानाच्या वतीने बोलणारे आधीच तयार असतील तर काय घडते, हे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने दाखवले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण हक्काचा कागद येण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून तेथील ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेत होती, जंगलात गस्त घालत होती, काय तोडावे आणि काय राखावे हे ठरवत होती. कागद नंतर आला. राखण आधी होती. मुर्ध्यात नेमका उलटा क्रम आहे. येथे कागद आला आहे, राखण उभी राहायची आहे.

मेंढ्याची व्यवस्था जशीच्या तशी येथे उचलून आणता येणार नाही. महानगराच्या कडेचे गाव, मीठ विभाग, महसूल, वन आणि महानगरपालिका यांच्या एकमेकांत गुंतलेल्या हद्दी, शेजारी लाखोंची वस्ती. दोन्हींची परिस्थिती फार वेगळी. तथापि शिलोत्रीचे ते तीन गुण येथेही आणता येतील. प्रत्येक पट्ट्याच्या पाण्याच्या वाटा कोण पाहणार, त्याचे नाव निश्चित असावे. मोऱ्या व नाळी मोकळ्या ठेवण्याचा खर्च दरवर्षी अंदाजपत्रकात आधीच धरलेला असावा. आणि या कामात मुर्धा, राई, मोर्व्याच्या रहिवाशांना मोबदल्यासह स्थान असावे, कारण भरतीचे वेळापत्रक त्यांच्याइतके कोणाला पाठ नाही. शहरात राहणाऱ्या कुटुंबांचा वाटा त्याहून सोपा आहे. घराच्या दुरुस्तीतून निघालेला राडारोडा कंत्राटदार कोठे नेऊन टाकणार, एवढा प्रश्न विचारून मगच त्याचे पैसे चुकते केले, तरी खाडीकाठावर रात्री रिते होणारे डंपर कमी होतील.

संध्याकाळच्या सुमारास परतीच्या बससाठी मुर्ध्याच्या थांब्यावर उभे राहिले की भरती चढताना दिसते. पाणी आवाज न करता नाळींतून आत येते, श्वसनमुळांची टोके एकेक करून बुडतात आणि अर्ध्या तासात जेथे चिखल होता तेथे आकाश उमटते. बगळे रात्रीच्या मुक्कामासाठी तिवरांवर उतरतात. जेथे वाट मोकळी आहे तेथे हे पाणी दिवसातून दोनदा येऊन आपले काम करून जाते. जेथे भरावाची भिंत आहे तेथे ते भिंतीशी थांबते, आणि पलीकडची झाडे वाळलेली दिसतात. दोन्ही दृश्ये बसच्या एकाच खिडकीतून दिसतात. त्यांतील कोणते दृश्य पुढच्या पिढीच्या वाट्याला येणार, हे ओहोटीच्या वेळी त्या नाळीपर्यंत चालत जाऊन ती तपासणारा कोणी असेल की नाही, यावर ठरणार आहे.